बुरुलकानचा नमदा

मामितकुल गुरुजी गर्विष्ठ झाले आहेत, असं डोंगरातल्या नारीन गावी त्यांच्या गल्लीत जूनपर्यंत सर्वमान्य झालं होतं. लोक सलाम करत आणि गुरुजी उत्तर न देता गाडी पुढे नेत. खरं तर ते उत्तर देत. पण चालकाच्या बाजूची काच उघडत नव्हती, त्यामुळे त्यांचा सलाम गाडीतच बसून घरी परत येई.

उद्या शेजारी असनालीच्या मुलाचं लग्न होतं. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात आशीर्वाद गुरुजींनीच द्यायचा, ही तीस वर्षांची रीत. यंदा मात्र असनाली म्हणे दुसरा म्हातारा शोधत होता.

म्हणून गुरुजी तोक्तोसुनच्या गॅरेजात आले. तो त्यांचाच विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास.

"फ्यूज चांगला आहे, गुरुजी. बटणही." त्याने दाराला कान लावला. "मोटर कण्हतेय. काहीतरी अडकलंय."

त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, फटीत बोटं घातली आणि ओढतच राहिला. पांढऱ्या नमद्याची हातभर पट्टी बाहेर आली. मग दुसरी. लोकरीच्या जाड पट्ट्या, कडांना लाल टाके.

"हे काय, गाडी आहे की तंबू?"

गुरुजींनी टाके ओळखले. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको बुरुलकान दोन दिवस लाकडी पट्टी घेऊन या दाराशी खटपट करत होती. "तुमच्या मानेला वारा लागतो," एवढंच म्हणाली होती. तंबूच्या फटी जशा बुजवतात तशी तिने गाडी बुजवली. थंडीत काच कोण उघडतंय? आणि मार्चमध्ये तीच गेली.

"अर्धा नमदा आत ठेवता येईल का रे?"

"काच पुन्हा अडकेल."

"थोडासा? खाली, तळाशी?"

"गुरुजी, तळाशीच तर काच उतरते."

गुरुजी बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "काढ सगळा. पण कापू नकोस."

घडी घातलेला नमदा शेजारच्या सीटवर ठेवून, काच पूर्ण खाली करून ते गल्लीत शिरले. असनाली दारात मांडवाचे खांब मोजत होता. त्याने सवयीने, फारशी आशा न धरता सलाम केला.

"वालेकुम सलाम!" गुरुजी एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडचं कुत्रं उठलं.

"अहो, बहिरा नाहीये मी!" असनाली खिडकीत वाकला. त्याची नजर सीटवर गेली. "वहिनींच्या हातचं?"

"दारात कोंबलं होतं तिने. तीन महिने माझा आवाज बाहेर येत नव्हता."

असनालीने हात आत घालून नमदा चाचपला. मग म्हणाला, "उद्या दहाला या. उशीर करू नका, आशीर्वाद तुमचाच आहे. आणि काच लावा आता, डोंगरावरून वारा सुटलाय."

"लावतो," गुरुजी म्हणाले, आणि काच तशीच ठेवून नदीपर्यंत एक चक्कर मारून आले.