हातानं लिहिलेली चाळीस पत्रकं

मंडळी, आपली एक खोड फार जुनी. पोरगं मॅट्रिक झालं की त्याला टेबल-खुर्चीच मिळाली पाहिजे. हात काळे होणारं काम म्हटलं की आपल्याला कमीपणा वाटतो! यवतमाळच्या कचेरीतले शिपाई बाबाराव तसेच. बाबू लोकांना पाणी देता देता अठरा वर्षं त्यांनी एकच स्वप्न पाहिलं, की आपला श्रावण इथंच बाबू होईल आणि त्याच्या डोक्यावर पंखा फिरेल.

बासष्टचा जून होता. श्रावण पास झाला आणि त्यानं भलताच फॉर्म पुढं केला. त्याला मुंबईच्या कॉलेजात छपाई शिकायची होती. अक्षरांचे खिळे जुळवणं, ठसे करणं, यंत्र चालवणं, कागद-शाईची पारख, सगळं रीतसर शिकवतात, शिष्यवृत्तीही मिळते, असं हेडमास्तरांनी त्याला सांगितलं होतं. पुढं सरकारी छापखाने, वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं. कामाला तोटा नाही. फक्त बापाची सही हवी होती, आणि फॉर्म त्याच दिवशीच्या टपालानं जायला हवा होता.

बाबारावांनी फॉर्म बाजूला सारला. "खिळे जुळवाले कॉलेज कायले लागते? जलमभर हात काळे करशीन!"

श्रावणची आई कांताबाई उठल्या, ट्रंकेच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

बाबाराव ओळखून गेले. छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूरला जायचं, तर गावोगाव कळवायला वस्तीनं पत्रक छापायचं ठरवलं होतं. काय भारलेले दिवस होते ते! बाबाराव तीन छापखाने हिंडले. एकाचं मशीन बिघडलेलं, दुसऱ्याचा कागद संपलेला, तिसऱ्यानं तर दारातूनच हात हलवून परत पाठवलं. मग त्यांनी जांभळी पेन्सिल जिभेला लावून लावून चाळीस पत्रकं हातानं लिहिली. त्यातलंच हे एक.

"अजी, तवा तुमची जीभ अन् बोटं जांभळी झालती," कांताबाई म्हणाल्या. "तवा लाज नाही वाटली तुमाले. छापनारा हात आपला नोयता, म्हून चाळीसावरच भागवावं लागलं. आता तो हात आपल्या घरात तयार होऊन राह्यला, तर तुमी त्याले काहून अडवता?"

बाबारावांचे डोळे भरून आले. त्यांनी सही केली आणि चप्पल घालायचं विसरून स्वतःच पोस्टाकडे धावले.

सहासष्टच्या दसऱ्याआधी, दीक्षेला दहा वर्षं होत आली तेव्हा, नागपूरहून एक गठ्ठा आला. श्रावण आता तिथल्या छापखान्यात कामाला होता. गठ्ठ्यात हजार पत्रकं होती. मजकूर बाबारावांचाच, शब्दन् शब्द तोच. फक्त साल बदललेलं, आणि खाली त्यांचं नाव. बाबारावांनी पहिलं पत्रक कचेरीतल्या मोठ्या बाबूंच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "साहेब, माह्या पोरानं छापलं."

पत्रकं वाटून घरी आले तेव्हा बोटांना शाई लागली होती. कांताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"राहू दे आजच्या दिवस," ते म्हणाले.

तर मंडळी, हात काळे झाल्यानं माणूस हलका होत नाही. तुमचं लेकरू हातानं काही करायला शिकतो म्हणेल, तेव्हा सहीला उशीर लावू नका.