काढ्याच्या गटातली सिरा

सिराला काढ्याच्या गटात घातलं ते तिच्या आईच्या, न्येलेच्या होकारानेच. ताप आलेल्या निम्म्या मुलांना गोळ्या, निम्म्यांना झांबाबांचा काढा, आणि कशाने गुण येतो ते बघायचं, असं राजधानी बामाकोहून आलेल्या डॉक्टर त्राओरेंनी गावाला समजावलं होतं. "पोर पाणी पिईना किंवा झटके आले, तर तडक दवाखान्यात आणा," असं बजावलंही होतं.

झांबाबा गावचे वैद्य, आडनाव दियारा. त्राओरे आडनावाच्यांना 'चवळीखाऊ' म्हणून चिडवणं हा दियारांचा पिढीजात, गमतीचा हक्कच. "चवळीखाऊ लेकाचा! माझ्या काढ्याला दवाखाना कशाला?" म्हणत ते खदखदून हसले होते.

काढा सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिराने बाजरीची पेज ओकली. पाण्याची वाटी ढकलली. अंग नुसतं भाजत होतं.

"अजून थोडा काढा पाज," सासू म्हणाली. "उगाच घाबरू नकोस."

न्येलेने वाटी ओठांना लावली, तोच सिराचे डोळे पांढरे झाले. दातखीळ बसली, हातपाय ताठले. न्येलेच्या हातातली वाटी गळून पडली. मीच हो म्हटलं, मीच!

नवरा सोन्याच्या खाणीवर, आणि गावात मोपेड एकट्या झांबाबांकडे. ती पोरीला उचलून तिकडेच धावली. म्हातारा रागावला तर? काढ्यावरच अडून बसला तर?

झांबाबांनी सिराची पापणी उचलून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, काहीतरी द्या ना!"

"माझ्याकडे याला काही नाही, पोरी."

इतकी भीती तिला झटक्यांचीही वाटली नव्हती. म्हाताऱ्याने मोपेड बाहेर काढली आणि दोघींना मागे बसवून तो दवाखान्याकडे निघाला. वाटभर न्येलेने सिराला छातीशी घट्ट बांधलं होतं. धडधडतंय ते आपलं काळीज की तिचं, काही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. झांबाबा दाराशी उकिडवे बसून राहिले. एक चेष्टेचा शब्द नाही. ऊन कललं तेव्हा सिरा कण्हली आणि हातातली सुई ओढायला लागली. "आई, दुखतंय." न्येलेने तिचा हात धरला आणि ती मोठ्याने रडली.

"हे नोंदवावं लागेल, बाबा. इथे काढा कमी पडला," डॉक्टर हळूच म्हणाले.

"नोंदव. पुढची आई माझ्या दारात वेळ घालवायला नको."

पाऊस सरल्यावर निकाल आला: बहुतेक मुलं काढ्याने बरी झाली होती, सिरासारखी दवाखान्यात न्यावी लागलेली थोडीच. पुढे सिराच्या धाकट्या भावाला ताप आला तेव्हा न्येलेने त्यालाही काढाच दिला. पण तो उठून खेळायला लागेपर्यंत तिने घास गिळला नाही.