सत्यशीलाच्या हातचं वाइंडिंग

केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव या गावात बसथांब्याच्या पुढं अंगदचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. अंगद त्या खोलायचा आणि गिऱ्हाईक गेलं की मागच्या खोलीत सरकवायचा. तिथं त्याची बायको सत्यशीला बसलेली असायची. काळी पडलेली तार ओढून काढणं, तार लोखंडाला टेकू नये म्हणून खाचांत कागद घालणं, वेढे मोजून तांब्याच्या कॉइली बांधणं, हे सगळं तीच करायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अंगदचा हात सुजला म्हणून ती चार दिवसांपुरतं शिकली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. गावात मात्र सगळे म्हणायचे, अंगदच्या हातचं काम लई टिकतं. अंगद ऐकून घ्यायचा. त्यात काही लपवल्यासारखं त्याला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर अंगदला एका साखर कारखान्यात हंगामापुरतं इलेक्ट्रिशियनचं काम मिळालं. पाच महिने तिकडंच राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो शटरसाठी नवं कुलूप घेऊन आला. सत्यशीला म्हणाली, बंद कशाला करायचं, काम तर मीच करते. काम वेगळं आणि गिऱ्हाईक वेगळं, असं अंगदचं म्हणणं पडलं. बाप्ये माणसं बाईच्या हातात मोटार द्यायला कचरतील.

"कचरतील ते जातील परत," ती म्हणाली. "दुकान उघडं ऱ्हाऊ द्या."

अंगदनं आईकडं पाहिलं. छबुबाई सुनेची बाजू घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं की मी दारात खुर्ची टाकून बसते, घरात बसून तरी काय करू.

पहिले पंधरा दिवस अवघड गेले. लोक यायचे, मालक कुठं हायेत म्हणून विचारायचे आणि केजला निघून जायचे. एकानं तर मोटारसायकलवरून उतरवलेली मोटार परत गाडीवर बांधून नेली. मग गावातलाच शेतकरी सुग्रीव आला. त्याचा गहू पाण्यावर आला होता, केजला जाऊन ताटकळायला त्याला सवड नव्हती. त्यानं मोटार ठेवली. सत्यशीलानं तिसऱ्या दिवशी ती बांधून दिली.

बाराव्या दिवशी तीच मोटार पिकअपमधून परत आली. थांब्यावरची चार माणसं ऐकत असताना सुग्रीव शांतपणे म्हणाला, "वहिनी, जळली. लोक म्हनतच होते, बाईकडं टाकू नको म्हणून."

उद्या सकाळी या, खोलून काय ते सांगते, एवढंच ती बोलू शकली.

तिनं अंगदला फोन लावला. सगळं ऐकायच्या आधीच तो म्हणाला, व्होल्टेज कमी होतं म्हणून सांग, सगळी दुकानं तेच सांगतात, शिवारातली लाइट हायेच तशी. एकदा चूक कबूल केली की दुकान बसलं म्हणून समज.

फोन ठेवून तिनं मोटार खोलली. व्होल्टेजनं जळाली असती तर सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या पडल्या असत्या. इथं बाकीची तार नव्यासारखी होती आणि एकाच खाचेच्या तोंडाशी काळा डाग होता. तिथला कागद नखाएवढा आखूड होता. तार लोखंडाला घासून घासून उघडी पडली होती. तिला तो दिवस आठवला. दारात कोण उभं राहून बघतंय, तिकडंच तिचं अर्धं लक्ष होतं.

छबुबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, काय निघालं. तिनं सांगितलं.

"मंग? अंगद म्हनतो तसं सांगतीस का?"

"न्हाई, आत्या. त्यांनी सांगितलं तर खपून जातं. माझ्यावर आधीच सगळ्यांचा डोळा हाय. मला नेमकंच सांगाया लागंल."

सासूबाईंनी खुर्ची उचलून आत घेतली.

सकाळी सुग्रीव आला तेव्हा तिनं मोटार उजेडात ठेवली आणि डागावर बोट टेकवलं. "भाऊजी, लाइटीचा काई दोष न्हाई. हा कागद मी आखूड कापला. चूक माझी हाय. परवापर्यंत परत बांधून देते, तार माझ्या खर्चानं."

सुग्रीव वाकून बघू लागला. वीस वर्षं त्याच्या मोटारी जळत होत्या, पण मोटारीच्या आत काय असतं ते त्याला कुणी दाखवलं नव्हतं. हे काय, ते काय, असं तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. मग तो सावकाश म्हणाला, "आजवर मला सगळे लाइटच मोटार जाळती म्हणून सांगत आले. ते कशापायी?"

"त्या मोटारी मी खोलल्या न्हाईत," सत्यशीला म्हणाली. "ही खोलली."

मोटार बसवायच्या दिवशी ती स्वतः मीटर घेऊन त्याच्या विहिरीवर गेली. सोबत छबुबाई होत्याच. स्टार्टरचं बटण दाबल्यावर मोटार घुमली, आणि क्षणभरानं पाइपातून पाणी उसळून पाटात पडलं. नऊ वर्षांत शेकडो मोटारी तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण त्यातली एकही पाणी ओढताना तिनं पाहिली नव्हती. मीटरवरचा आकडा केव्हाच बघून झाला होता, तरी ती उभी राहिली. सुग्रीवनं खोऱ्यानं माती ओढून पाटाचं दार फोडलं, पाणी गव्हाच्या दुसऱ्या वाफ्यात शिरलं, मग छबुबाईंनी चल म्हणून तिला हलवलं.

सुग्रीवनं गावभर काही कौतुक केलं नाही. त्यानं मेव्हण्याची मोटार पाठवली, बस. पुढं गीताबाईंची आली. त्यांचा नवरा पुण्याला कामाला, शेत त्याच बघायच्या. मोटारीचं दुखणं बाईला विचारायला बरं पडतं, असं त्यांनी आणखी दोघींना सांगितलं. मोटारी काढायला-बसवायलाही आता तीच विहिरींवर जायची, आणि शिवरात्रीपर्यंत दोन हातांना काम आवरेना, तेव्हा सत्यशीलानं शेजारच्या वनमालाला हाताशी घेतलं. वनमाला ब्लाउज शिवायची. तिचा हात स्थिर होता.

पाडव्याच्या आधी अंगद परत आला. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत डोकावलं आणि वहिनी हायेत का म्हणून विचारू लागलं. अंगद बाजूला झाला. रात्री जेवताना म्हणाला, "सुग्रीवला खरं सांगितलंस. मला कळवलं न्हाईस."

"तुमी नको म्हनला असता."

"म्हनलो असतो," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, की विहिरीतून मोटारी काढायला आणि बसवायला तुला सारखं बाहेर जावं लागतं, ते मी करू का. सत्यशीलानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि सांगितलं, उद्या गीताबाईंच्या विहिरीवर जायचंय, सकाळी लाइट असतानाच जा.