फिरता पंखा थांबवणारा फ्लॅश

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे. फोटो काढताना लखकन चमकतो आणि तुमचे डोळे मिटायला लावतो, तोच मी. अंग काळं, पाठीवर चार बटणं आणि पोटात चार सेल. एके काळी मी फोटो स्टुडिओत स्टँडवर ऐटीत उभा असायचो. आज चाकणजवळच्या एका घरात, लोखंडी पेटीत, काळ्या गोधडीत गुंडाळून पडलो आहे. माझ्या अंगावर साधा ओरखडाही नाही. पण माझ्यामुळे एका माणसाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. ती कशी गेली ते मला सांगायचं आहे.

सुजितने मला विकत आणलं तेव्हा मी कोराकरकरीत होतो. त्याचा स्टुडिओ पिंपरीत, संत तुकाराम नगरात. दुकान वडिलांच्या हातचं. वडील गेले, आता तो आणि त्याची आई दुर्गाबाई, दोघंच. गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यांतलं. कुणाला गेटपाससाठी फोटो हवा, कुणाला बँकेसाठी. दोन पांढऱ्या छत्र्या, दोन्हीकडून सारखा उजेड, "हनुवटी वर, इकडे बघा," झालं काम. सुजितला याचा भारी कंटाळा. मी आल्यावर मात्र त्याच्या अंगात वारं शिरलं. तो मला कधी डावीकडे ठेवायचा, कधी जमिनीवर, कधी माणसाच्या पाठीमागे लपवायचा. दुर्गाबाईंची पिठाची चाळण माझ्यापुढे धरून त्याने एका वेल्डरच्या गालावर ठिपक्यांची जाळी पाडली. चाळण आठवडाभर परत मिळाली नाही म्हणून दुर्गाबाईंनी त्याचा उद्धार केला.

एकदा त्याचा मित्र बाळू आपल्या आईला, सरुबाईंना, घेऊन आला. सुजितने छत्र्या बाजूला सारल्या आणि एकट्या मला खिडकीच्या बाजूने लावलं. फोटोत सरुबाईंची एकेक सुरकुती उठून दिसली. त्या बघतच राहिल्या.

"आगं बया, मी येवढी म्हातारी झाले व्हय?"

"म्हातारी कुठं, आये? खरी दिसतीस," बाळू म्हणाला.

सरुबाईंनी तो फोटो चांगला चौकटीत बसवून घरात लावला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी खरं दाखवतो, असंच मी समजून चाललो होतो.

बाळू कबड्डी खेळायचा. चाकणजवळचं गाव, घरची थोडी जमीन, आणि पोटासाठी एका कारखान्यात लेथ मशीनवर नोकरी. चढाईला गेला की त्याचा उजवा हात असा काही लांब व्हायचा की समोरचा गडी मागे सरकेपर्यंत शिवूनही झालेला असायचा. सुजितला तो हात फोटोत धरायचा होता. त्याने एका रिकाम्या हॉलची दारं-खिडक्या लावून घेतल्या, अंधार केला आणि माझी ती खास कळ दाबली. ती दाबली की मी एकदा चमकून थांबत नाही, एका सेकंदात दहा-वीस वेळा लुकलुकतो. बाळूने झेप घेतली. एकाच फोटोत सहा बाळू आले, आणि सहाव्याचा हात अगदी चौकटीच्या कडेला टेकला. तो फोटो मोठा करून सुजितने दुकानाच्या दारात लावला. येणारा-जाणारा विचारायचा, हा कोण गडी? बाळू नुसता लाजायचा.

त्याच दिवसांतली गोष्ट. मी किती वेगाने लुकलुकावं हे ठरवायला सुजित जाळी काढलेला टेबलफॅन लावून बसला होता. खोलीत अंधार. माझा वेग आणि पंख्याचा वेग जुळला, आणि पंख्याची पाती जागच्या जागी थांबलेली दिसू लागली. पंखा गरगर फिरत होता बरं का! पण पातं दर वेळी त्याच जागी आलं की मी चमकायचो, मधलं काही दिसतच नव्हतं. तेवढ्यात दुर्गाबाई चहा घेऊन आल्या. बंद पंख्यावर धूळ दिसली, म्हणून त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि हात पुढे केला.

सुजितने झडप घालून त्यांचा हात मागे ओढला. चहा सांडला.

"आई, फिरतोय तो!"

"फिरायलाय? मला तर थांबलेला दिसायलाय की रे!"

सुजितने दिवा लावला. फिरता पंखा बघून दुर्गाबाई दोन पावलं मागे सरल्या. "असलं खोटं दाखवणारं यंत्र घरात ठेवू नको बाबा," म्हणाल्या. सुजित हसला. मला तर राग आला होता, म्हातारी आपल्याला खोटं म्हणते म्हणून. मित्रांनो, तेवढा एक प्रसंग नीट ध्यानात ठेवा. सुजितला माहीत होतं.

पुढे बाळूच्याच कारखान्यातून सुजितला काम आलं. परदेशातले पाहुणे येणार होते, भिंतीवर लावायला झकास फोटो हवे होते. सुजितने लगेच बाळूचं मशीन निवडलं. काळोखात फिरणारं मशीन आणि त्याच्याकडे जाणारा बाळूचा तो हात, कबड्डीच्या फोटोसारखा. साहेबांना कल्पना फार आवडली. त्यांनी शेडमधले दिवे घालवायला सांगितले. मग त्यांचं लक्ष बाळूच्या उघड्या, तेलकट हातांकडे गेलं.

"हे काय? पाहुण्यांना सेफ्टी दिसली पाहिजे. हातमोजे घाल."

"साहेब, लेथवर हातमोजं घालत नसत्यात. गुततंय ते."

"अरे, दोन मिनिटं फोटोपुरते. नवे आणलेत."

लेथचा पुढचा भाग, ज्याला कामगार चक म्हणतात, तो लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, जबड्यात धरून गरगर फिरतो. त्यात कापड सापडलं की हात आत ओढला जातो, म्हणून तिथे हातमोजे घालायचेच नसतात. बाळूने सुजितकडे पाहिलं. सुजित कॅमेऱ्यात डोळा घालून उभा होता. "पांढरे छान उठून दिसतील रे," एवढंच तो म्हणाला. बाळूने मित्राच्या शब्दाखातर हातमोजे चढवले.

पहिले दोन फोटो ठीक झाले. तिसऱ्याला सुजित ओरडला, "आता मशीन बंद करून जॉब काढताना घेऊ!" शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यात मशीनचा आवाज कळत नव्हता. बटणावर दुसराच कामगार होता; त्याने मशीन बंद केलं का, हे अंधारात कळायला मार्ग नव्हता. सुजितने कळ दाबली. मी लुकलुकायला लागलो, आणि चकचा वेग नेमका माझ्या वेगाशी जुळला. माझ्या उजेडात चक थांबला. स्वच्छ, स्थिर, जबडे मोजून घ्यावेत असा. बाळूने ते पाहिलं आणि हात पुढे केला.

फार तर दोन सेकंद. पुढचं सांगत नाही.

साहेबांनी सगळ्यात आधी दिवे लावायला सांगितले, हे मी पाहिलं. चौकशी झाली. कागदावर आलं की शेडमध्ये पुरेसा उजेड होता, आणि कामगाराने नियम मोडून हातमोजे घातले. सुजितला विचारलं, "दिवे चालू होते ना?" आपल्यावरच येईल, ही भीती त्याच्या मनात बसली होती. तो म्हणाला, "हो." आणि खाली सही केली.

कॅमेऱ्यात तो फोटो होता. काळोखी शेड, वर विझलेल्या ट्यूब, आणि चककडे जाणारे पांढरे हातमोजे, एकामागे एक सात. सुजितने तो एकदाच पाहिला, कार्ड पाकिटात घातलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मला उचलून माळ्यावर टाकलं. दारातला कबड्डीचा फोटोही उतरवला. धूळ खात मी तिथे पडून राहिलो आणि पहिल्यांदाच मला माझ्या चमकण्याची लाज वाटली.

आठ महिन्यांनी बाळू दुकानात आला. अपंगाच्या दाखल्यासाठी फोटो हवा होता. डोळ्यांवर नवा चष्मा.

"चष्मा कशाला?" सुजितने खाली बघत विचारलं.

"डोळं तपासून आलो रं. डाक्टर म्हनला नंबर न्हाई. म्याच मागून घेतला." बाळू उजवा हात पाठीमागे धरून बोलत होता. "मला चक थांबल्याला दिसला व्हता, सुजित. आईशप्पथ. पन समदी म्हंत्यात म्या लपवालपवी करतोय. पुनम तोंडानं काय म्हनत न्हाई, पन बायकूची नजर कळती मानसाला. आता मलाच वाटाया लागलंय, माझ्या डोक्यात काय बिघाड हाय का?"

दुर्गाबाई आतल्या दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"थांबलेला दिसला म्हणतोस? दिवे बंद होते का रे तवा?"

"व्हय काकू. समदा अंधार. निस्ता ह्याचा फ्लॅश चमकत व्हता."

त्या उठल्या, सुजितच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "पंखा आण," म्हणाल्या. "दाखव त्याला."

सुजित हलला नाही. तेव्हा त्यांनी स्वतः पंखा आणला, दार लावलं, पडदा ओढला. सुजितला स्टुलावर चढून मला काढावंच लागलं. त्याने सेल घातले. मला चमकायचं नव्हतं, पण आम्हा यंत्रांना कोण विचारतो? मी लुकलुकलो. पंखा थांबला. बाळूने चष्मा काढला आणि बघत राहिला. दुर्गाबाईंनी दिवा लावला, तेव्हा पंखा त्याच्या तोंडावर वारा घालत होता.

"म्हंजी म्या खोटं बोललो न्हाई," बाळू म्हणाला. "म्या येडा न्हाई." आणि एवढा मोठा गडी ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

सुजितने पंख्याचं बटण बंद केलं.

"आठ म्हैनं, सुजित? बोटं गेली ती गेली. आठ म्हैनं म्या सोताला येडा समजत व्हतो."

त्याने डाव्या हाताने मला उचललं. "ह्यो म्या नेतो." कुणी अडवलं नाही.

तेव्हापासून मी बाळूसोबत त्याच्या भरपाईच्या सुनावणीला जातो. पहिल्या तारखेला हॉलमध्ये मोठमोठ्या खिडक्या, लख्ख ऊन. माझी लुकलुक कुणाला दिसलीही नाही. कंपनीचे वकील हसले, म्हणाले, लग्नातलं खेळणं आणलंय. घरी येऊन सरुबाईंनी काळ्या जाड कापडाची गोधडी शिवली, दुहेरी, टाक्याला टाका लावून. पुढच्या तारखेला जाळी काढलेल्या टेबलफॅनवर आणि माझ्यावर ती तंबूसारखी पांघरली आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "सायेब, येकडाव डोस्कं आत घाला."

अधिकारी साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग खरोखरच वाकून डोकं आत घातलं. बाळूने डाव्या अंगठ्याने कळ दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग साहेबांचा उजवा हात हळूच गोधडीखाली सरकला आणि पात्यांकडे जाऊ लागला.

बाळूने त्यांचं मनगट गच्च धरलं. "फिरतुया, सायेब."

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, मला पंखा थांबलेला दिसला. मग विचारलं, "पण त्या दिवशी दिवे बंद होते, हे सांगणारा कोण?"

बाळूसोबत आलेल्या दुर्गाबाई उठल्या. "माझा लेक सांगंल. बाहेर बसलाय, फोटो घेऊन." शिपायाने नाव पुकारलं. दोनदा, तीनदा. मग दुर्गाबाई स्वतः बाहेर गेल्या. बाकड्यावर ड्रॉवरमधलं ते पाकीट होतं, आत कार्ड आणि छापलेला फोटो. सुजित नव्हता.

साहेबांनी पाकिटातला फोटो बराच वेळ पाहिला. "कधी काढला, कुठे काढला, हे काढणाऱ्याने सांगायला हवं," ते म्हणाले, आणि पुढची तारीख दिली. दुर्गाबाई रिकामं पाकीट मांडीवर घेऊन, हॉल मोकळा होईपर्यंत बसून होत्या. बाळूनेच त्यांना हात धरून उठवलं.

आता मी त्या तारखेची वाट बघत या पेटीत आहे. सेल गळून मी खराब होऊ नये म्हणून बाळू ते काढून ठेवतो, डाव्या हाताने, दातांनी झाकण धरून. एवढं मला कुणी कधी जपलं नाही आणि माझी ती लायकीही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आमची काळजी घ्या. मी ते म्हणणार नाही. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाची काळजी घ्या. चांगल्या फोटोसाठी त्याला हातमोजे चढवू नका. आणि एखादी गोष्ट खरी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तुमचं नाव पुकारलं जाईल तेव्हा बाकड्यावर असा. मला तोंड नाही, म्हणून मी नुसता लुकलुकतो. सुजितला तोंड होतं.