कमरेएवढा रंग

वलवणच्या त्या घरात पाऊल टाकताच भिकाजीआबांनी आधी भिंतीचा वास घेतला. हॉलची भिंत खालून कमरेएवढीच नव्यानं रंगवलेली होती. झालं, आबांच्या मनात पाल चुकचुकली.

"अनघाताई, रंग अर्धाच का मारला?"

"नातीनं खडूनं बरबटवली होती हो भिंत," घर विकणाऱ्या अनघाताई हसल्या.

नात म्हणे! पाण्याची खूण झाकायलाच माणूस एवढा रंग मारतो, हे आबांइतकं पक्कं कुणाला ठाऊक? त्यांच्या घोरावाडीच्या घरात दोन वर्षांपूर्वी मागचा ओढा शिरला होता, आणि गेल्याच महिन्यात त्यांनी तिथं स्वतः ब्रश फिरवला होता. त्यामुळंच तर गिऱ्हाईक मिळालं. ते घर विकलं गेलं तरच हे वलवणचं पदरात पडणार होतं. इथून लेक दोन गल्ल्यांवर. बायकोनं, सरूबाईंनी, कुंड्या कुठं मांडायच्या तेही ठरवून टाकलेलं.

या घराच्या विम्याचा फॉर्म भरायला आलेल्या एजंट आकाशला आबांनी बजावलं, "नीट इचार. पानी शिरलं व्हतं का म्हून."

"विचारतोच, आबा. इथं खोटं लिहिलं तर उद्या नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करते."

अनघाताई नाही म्हणाल्या. तरी आबांनी शेजारची चार घरं पालथी घातली. पाण्याचं नाव कुणी काढेना. सगळे सामील आहेत, असं पुटपुटत ते चरफडत घरी आले.

आठवड्यानं तोच आकाश तसलाच फॉर्म घेऊन घोरावाडीला आला. आता विमा काढायचा होता आबांचं घर घेणाऱ्या किरणला. डोंगरावरच्या वाडीतला, कंपनीत कामाला लागलेला साधा गडी. त्यानं भिंतीवर साधी टिचकीही मारून बघितली नव्हती. त्याची तान्ही लेक त्याच भिंतीला धरून उभी राहायला बघत होती.

"या घरात आधी कधी पाणी शिरलं होतं?" आकाशनं विचारलं.

आबांची नजर त्या नव्या रंगावर गेली.

"लिवा, न्हाई म्हून," किरण म्हणाला. "आबा कशाला खोटं बोलतील?"

सरूबाई चहाचा ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, नवऱ्याकडं बघत. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब रं," ते कसेबसे म्हणाले. उठले, आणि कमरेच्या जरा खाली भिंतीला हात लावला. "हितपर्यंत आलतं. दोन सालामागं."

आकाशचं पेन थांबलं. किरणनं लेकीला उचलून कडेवर घेतलं, भिंतीपाशी वाकला आणि रंगाचा वास घेतला.