अडीचशे मणांचं तिकीट

नंदुरबारच्या मिरची बाजारात सायरबाईंचा आवाज कुणी ऐकला नव्हता, पण त्यांचा भाव सगळ्यांना ऐकावा लागे. नवरा गेल्यावर रीतीप्रमाणे त्या वर्षभर कोपऱ्यात बसल्या, आणि कोपऱ्यातून उठल्या त्या थेट दुकानाच्या आतल्या खोलीत, पडद्यामागे. पडद्याच्या अलीकडे मुनीम चुनीलाल. बाई आतून हलक्या आवाजात बोलत, चुनीलाल ते बाहेर मोठ्याने सांगे, आणि बाईंनी न म्हटलेला एखादा 'शेठ' स्वतःच्या पदरचा घालून गिऱ्हाइकाला गोड करी.

हे सगळं ज्यांना खुपत होतं, ते त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, भीकमचंद. त्यांचं दुकान समोरच. बायकांनी मिरची पापडात घालावी, बाजारात नव्हे, असं त्यांचं मत. ते त्यांनी पंचांपुढे मांडलं, आणि पंचांनी सालस तोड काढली: बाईंनी दोन हंगाम दुकान चालवून दाखवावं. तोटा आला तर चाव्या जेठांकडे. पहिला हंगाम ना नफा ना तोटा असा सुटला. दुसरा आता, कार्तिकात, सुरू झाला होता.

आणि नेमकी मोटार बंद पडायला निघाली.

मोटार म्हणजे गावची सर्व्हिस. वीस जणांची बैठक, कापडी छप्पर, आणि दुसरं काही ऐकूच येऊ नये अशा बेताने बसवलेला भोंगा. स्टेशनावरून निघायची, मंडई, कोर्ट, दवाखाना करत गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर जायची. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मोकळं रान. तिथे सायरबाईंच्या चाळीस बायका देठ खुडायला बसत. देठ खुडायची वेळ पहाट सरल्यावरची, दव असेपर्यंतची. दवाने मिरची नरम असते, देठ अख्खा निघतो. ऊन चढलं की कडक होते, देठाबरोबर टोकही तुटतं आणि तुटक्या मालाला सुरतेचा व्यापारी नाक मुरडतो. बायका नवापूरकडच्या डोंगरातल्या, हंगामापुरत्या स्टेशनापलीकडे झोपड्या घालून राहिलेल्या. पथारी तिथून अडीच कोस. मोटारीने सातला कामावर, पायी आल्या तर नऊ.

मोटारीचा ठेकेदार म्हणाला, दोन पैसे तिकिटात पेट्रोल निघत नाही. आणा करा, नाहीतर नऊशे रुपयांत मोटार गावाने विकत घ्यावी. तेही नसेल तर मार्गशीर्ष लागताच मी गाडी धुळ्याला नेतो.

त्या दिवशी बायकांची मुकादम रमीबाई मागच्या दाराने आली. बायकाबायकांत पडदा नव्हता.

"बाई, आना तिकीट व्हयनं ते आम्ही येवाव नही," ती उंबऱ्यावरच म्हणाली. "मजुरी चार आना. जावाना एक, येवाना एक, दोन आना मोटारले दिधात ते खासूत काय, भोंगा?"

"चालत याल?"

"चालसूत. पन चालीसन नऊ वाजतीन, मंग तुम्हीच म्हनशात देठ तुटना. त्यापेक्षा स्टेशनजोडे जिनमा कपाशी वेचसूत. तठे सावली शे."

तिने धमकी दिली नव्हती, भाव सांगितला होता. सायरबाईंना भाव कळे. चाळीस बायका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, गेल्या की मिरची रानात, माल तुटका, हंगाम तोट्यात, आणि चाव्या समोरच्या दुकानात.

"आठ दिवस थांब," त्या म्हणाल्या. "आठ दिवस कुणालाही शब्द देऊ नको."

"आठ दिवस ते आठ दिवस. नववा दिन मी जिनमा," रमीबाई म्हणाली आणि गुळाचा खडा तोंडात टाकून गेली.

म्युनिसिपालिटीत या प्रश्नावर एक सभा आधीच होऊन गेली होती. नगराध्यक्ष वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी फळ्यावर खडूने हिशेब मांडला होता: महिन्याचा खर्च एकशे पंधरा, दोन पैशांच्या तिकिटाचं उत्पन्न पंचाहत्तर, तूट चाळीस. वर्षाला चारशे ऐंशी. वर मोटारीचे नऊशे. "रस्ता सगळ्यांचा, मोटार सगळ्यांची, तर घरपट्टीत आठ आणे वाढवू," ते म्हणाले. घरमालक उठले: "आमचं घर मोटारीत बसतं का?" मग जकातीचं निघालं, तर व्यापारी उठले. भीकमचंदांनी शेवटचा हात मारला: "जो चढेल तो देईल. माझ्या बापाने बैलगाडीत जन्म काढला, मी पायी काढतोय. मी का देऊ?" टाळ्या पडल्या. फळा पुसला गेला. शिपायाने खडूचा तुकडा मात्र खिशात घातला, घरी पोरं होती.

सायरबाईंनी चुनीलालकडून हा वृत्तान्त दोनदा ऐकला. आकडे एकदा, आणि कोण कसं बोललं ते एकदा. मग विचारलं, "चुनीलालजी, मंदिरात पर्युषणात पहिल्या आरतीची बोली गेल्या वर्षी कुणी घेतली?"

"जेठजींनी."

"त्याआधी?"

"जेठजींनीच. बारा वर्षं. एकदाही मागे हटले नाहीत." चुनीलाल हसला. "शेवटची एक्क्याण्णव मण गेली."

मंदिरातली बोली रुपयांत नसते, तुपाच्या मणांत असते. तूप कुणी आणत नाही, कुणी बघतही नाही. संघाने मणाला अडीच रुपये दर धरलेला असतो, त्याने पैसे भरायचे. आणि एकदा तोंडातून निघालेली बोली परत घ्यायची नाही. बायकांनाही बोली लावता येते, पडद्याआडून.

"एक घर आठ आणे वाचवायला सभा उधळतं," सायरबाई म्हणाल्या, "आणि आरतीला सव्वादोनशे रुपये देतं. माणूस तोच ना?"

"तोच, बाई. पण आरती सगळे बघतात. घरपट्टी कोण बघतो?"

"हेच वकीलसाहेबांना जाऊन सांगा."

वकीलसाहेबांनी ऐकलं, चष्मा पुसला, आणि रविवारी दुपारी ओसवाल पंचायतीच्या धर्मशाळेत गावाची सभा ठेवली. बाईंच्या दोन अटी होत्या. एक, बायकांसाठी पडदा. दुसरी, आकडे पुकारायला कांतीलाल. कांतीलालचं कापडाचं दुकान होतं, पण गाव त्याला ओळखे ते मंदिरात बोली पुकारणारा म्हणून. त्याचा आवाज घुमला की माणसाचा हात आपोआप खिशाकडे जाई.

रविवारी धर्मशाळा भरली. पडद्यामागे बायका. मागच्या दारात रमीबाई आणि तिच्याबरोबरच्या दहा-बारा जणी, आत या म्हटलं तरी दारातच. भीकमचंद पुढच्या गादीवर, कोशा फेटा बांधून, नाही म्हणायच्या तयारीने आलेले.

वकीलसाहेब म्हणाले, "आज पट्टी नाही, जकात नाही. आज मान विकायचे आहेत."

सभेत खसखस पिकली. कांतीलालने कागद उघडला. मोटारीपुढे नारळ फोडण्याचा मान. स्टेशनच्या थांब्याच्या पाटीवर नाव. दवाखान्याच्या पाटीवर नाव. आणि मोटार गावची झाल्यावर पहिल्या दिवसाचं पहिलं तिकीट, हार घालून, पुढच्या बाकावर.

"हा काय तमाशा आहे?" भीकमचंद म्हणाले. "मोटार काय देव आहे?"

पडद्यातून कुजबुज झाली आणि चुनीलाल उभा राहिला. जेठापुढे भावजय बोलत नसते. तिचा निरोप बोलतो, ती चार हातांवर बसलेली असली तरी. "बाई म्हणतात, जेठजींनी फक्त बघावं. बोलीत पडायची सक्ती नाही."

"चुनीलाल, बाईला सांगा, मला कुणी सक्ती करत नाही!"

"ऐकलं म्हणतात, शेठ."

नारळ सुरू झाला एकवीस रुपयांवर. कांतीलालने सूर लावला, आणि जिनाचा मालक, ज्याला मोटार बंद पडली तर चाळीस बायका आयत्या मिळणार होत्या, तोच एकशे एक्कावन्नला नारळ घेऊन बसला. घेतल्यावर त्याला ते लक्षात आलं असावं, कारण त्याने कपाळ चोळलं. स्टेशनची पाटी लाकडाच्या वखारवाल्याने एकशे पंचाहत्तरला नेली. दवाखान्याच्या पाटीला कुणी पुढे येईना, तेव्हा वकीलसाहेबांनी स्वतः एकशे एक म्हटलं. वकिलाच्या खिशातून पैसा बाहेर येतो हे गाव प्रथमच बघत होतं. टाळ्या जरा जास्तच पडल्या.

"आता पहिलं तिकीट!" कांतीलालने गळा साफ केला. "पुढचं बाक! स्टेशनपासून पथारीपर्यंत सगळा गाव बघेल!"

भीकमचंद मघापासून चुळबुळत होते. बारा वर्षांची सवय, तीन मान दुसऱ्यांनी घेतलेले, आणि हा सूर. "एक्कावन्न," ते तुसडेपणाने म्हणाले, जणू माशी हाकलली.

"बाई एकाहत्तर," चुनीलाल म्हणाला.

धर्मशाळेत माना वळल्या. भीकमचंदांनी पडद्याकडे नाही, छताकडे पाहिलं. "एकशे एक."

"बाई सव्वाशे."

"एकशे एक्कावन्न!"

"बाई एकशे पंचाहत्तर."

"दोनशे!"

इथे चुनीलालने पडद्याकडे वळून पाहिलं. दुकानाच्या गल्ल्यात आज सगळे मिळून दोनशे रुपये होते. सकाळी त्यानेच मोजले होते. पडद्यातून एक चुटकी वाजली. चुनीलालच्या कानशिलावर घाम आला.

"बाई... बाई सव्वादोनशे."

भीकमचंदांनी फेटा चाचपला.

"सव्वादोनशे, एकवार," कांतीलाल गायला. पडद्यामागे सायरबाईंनी पदर मुठीत धरला. ही बोली अंगावर आली तर उद्या पंचवीस रुपये उधार मागायला जायचं, आणि तेही बहुधा समोरच्याच दुकानात. चाव्या मागायला मग पंचांचीही गरज उरणार नव्हती.

"सव्वादोनशे, दोनवार! पुढचं बाक सायरबाईंचं होतंय हो! भीकमचंदशेठ, बारा वर्षांची आरती..."

भीकमचंद उभेच राहिले. फेटा सरकला. मंदिरात, याच आवाजाला, ते जसे ओरडत आले होते, तसेच ओरडले:

"अडीचशे मण!"

मग वकीलसाहेब, ज्यांना या रिवाजातलं काही ठाऊक नव्हतं, निरागसपणे म्हणाले, "मण? कशाचे?"

"तुपाचे," कांतीलाल म्हणाला. सवयीने त्याने हिशेबही केला. "मणाला अडीच. सहाशे पंचवीस रुपये."

भीकमचंदांचा चेहरा पथारीवरच्या मालासारखा झाला. त्यांनी तोंड उघडलं. चुकून निघालं म्हणायचं होतं, सगळ्यांना दिसत होतं. पण त्याआधी पडद्यात कुजबुज झाली.

"बाई म्हणतात," चुनीलाल अत्यंत अदबीने म्हणाला, "जेठजींची जीभ घसरली असेल तर रुपयेच धरावेत. घरचंच माणूस आहे, बाहेर कुणी बोलणार नाही."

बाहेर कुणी बोलणार नाही! धर्मशाळेत तीनशे माणसं होती.

"कुणाची जीभ घसरली?" भीकमचंद गरजले. फेटा सरळ केला. "चुनीलाल, बाईला सांगा, भीकमचंद मण म्हणाला म्हणजे मण! पुढे बोलायचं असेल तर बोलावं!"

"बाई म्हणतात, जेठजींपुढे आमची काय ताकद."

"एकवार! दोनवार! तीनवार!" आणि टाळ्यांनी कबुतरं उडाली. भीकमचंदांनी छाती फुगवून चारी बाजूंना हात जोडले.

गलका शमल्यावर वकीलसाहेबांनी रास्त शंका काढली. "एकूण एक हजार बावन्न. मोटार आली, वर एकशे बावन्न उरले. पण मान एकदा विकला जातो, पेट्रोल रोज लागतं. वर्षाच्या तुटीचे उरलेले तीनशे अठ्ठावीस?"

चुनीलालकडे कागद तयार होता. "बाई म्हणतात, हंगामाला बाजारात बारा हजार पोती मिरची येते. पोत्यामागे खरेदीदाराने अर्धा आणा द्यावा. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापायचा नाही. तीनशे पंचाहत्तर होतात. तिकीट दोनच पैसे राहील. आणि बोली दर वर्षी."

व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सहाशे पंचवीस देणारा माणूस समोर उभा असताना अर्ध्या आण्यावर कोण भांडणार? पहिला हात भीकमचंदांनीच वर केला. एकट्याने बुडण्यात त्यांना गोडी नव्हती.

मागच्या दारात रमीबाई मोठ्याने म्हणाली, "मन्हा आठ दिन व्हयनात नही अजून!" आणि बायका हसत पांगल्या.

मार्गशीर्षातल्या पहिल्या सकाळी मोटार स्टेशनावरून निघाली. मागे एकोणीस बायका, पुढच्या बाकावर झेंडूच्या हारात भीकमचंद, हातात दोन पैशांचं तिकीट. चालक पौलस नवापूरचा, मिशनमध्ये गाडी शिकलेला. त्याला भीकमचंद तीनदा म्हणाले, "सावकाश रे. लोकांना दिसू दे." मंडईत त्यांनी हात जोडले, कोर्टाशी जोडले, दवाखान्याशी पेशंटांनाही जोडले. भोंगा जीव तोडून वाजत होता, आणि मागून रमीबाई ओरडत होती, "पौलसभाऊ, शेठ हार वाळाडी ऱ्हायनात, दव वाळाडू नको! बिगी चाल!"

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना गाडी पथारीवर लागली. मिरची दवाने चमकत होती. बायका उतरल्या, बसल्या, आणि बघता बघता अख्खे देठ बाजूला पडू लागले. मोटार उरलेल्या बायकांना आणायला वळली. भीकमचंद हार घालून मधोमध उभे राहिले. आपण सहाशे पंचवीस रुपयांत नेमकं काय विकत घेतलं, हे त्यांना सायरबाईंच्या त्या लाल रानाकडे बघता बघता उमगत गेलं.

होळीला पंचांपुढे वह्या उघडल्या. सायरबाईंच्या दुकानाला अकराशे चाळीस नफा. सुरतेच्या व्यापाऱ्याने माल बघून नाक मुरडलं नव्हतं, पुढल्या सालचा बयाणा देऊन गेला होता. पंचांनी वही मिटली आणि चाव्यांचा विषय कायमचा बंद केला.

भीकमचंद उठले. पडद्याशी येऊन थांबले, खाकरले.

"चुनीलाल, बाईला विचारा. औंदा तिकिटाची बोली कधी?"

आतून कुजबुज झाली. चुनीलालला हसू आवरेना.

"बाई म्हणतात, अक्षय तृतीयेला. रुपयांत धरायची का मणांत, ते जेठजी म्हणतील तसं."

"मणांत!" भीकमचंद म्हणाले. "रुपयांत कुणीही घेईल."