लालासाहेबांचा मासा आणि वाडीची विहीर

लालासाहेबांच्या माशाला कीड लागली तेव्हा अख्ख्या वाडीला बोलावणं गेलं. आमच्या म्हशी गाभडल्या तेव्हा त्यांच्या बंगल्यावरून कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

मी त्या बंगल्यावर भांडी घासायला जात होते, म्हणून मासा मला ठाऊक होता. हळदीसारखा पिवळा, अंगावर काळे पट्टे, तळहाताएवढा. समुद्रातला. मुंबईला साखर पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून त्याच्यासाठी खाऱ्या पाण्याचे कॅन भरून यायचे. दिवाणखान्यात काचेची पेटी, पेटीत दिवा. पाहुण्याला आधी मासा दाखवायचा, मग चहा.

लालासाहेब साखर कारखान्याचे संचालक, एरवी इस्लामपूरला राहणारे, शनिवारी वाडीच्या बंगल्यावर येणारे. कारखान्याचं मळीचं पाणी नेणारी चर त्यांच्याच शब्दावरून आमच्या ओढ्याला जोडली गेली. ओढ्याच्या काठाला वाडीची विहीर. पहिल्याच हंगामात विहिरीचं पाणी गुळवणीसारखं झालं. वास तर असा, की घागर डोईवर घेतली की नाकाला पदर लावायला लागायचा. आमची म्हैस गाभडली, मागोमाग शेजारच्या बनुबाईची. घरात माझी सून अंजना सातव्या महिन्यात होती. तिचं पहिलं पोर राहिलं नव्हतं. ते या पाण्यामुळं गेलं असं मी म्हणत नाही, मला ते कळायला मार्ग नाही. पण त्या दिवसांत ती जे पाणी प्याली ते मीच ओढून आणलेलं होतं, आणि आताही मीच आणत होते.

आम्ही बायकांनी ओरड केली. चर दुसरीकडं वळवा, एवढंच मागणं. तेव्हा लालासाहेब खंडोबाच्या देवळात आले. आकाराम गुरवानं ताम्हण पुढं केलं. लालासाहेबांनी बेलभंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "विहिरीचं पाणी चांगलं आहे. माझ्या बंगल्यावर हेच पितात."

आमच्याकडं बेलभंडारा उचलला की वाद संपला. त्यानंतर जो तोंड उघडील तो देवाला खोटं पाडतो.

आणि मला तर दिसत होतं. शनिवारी इस्लामपूरहून जीप यायची तेव्हा मागं ताडपत्रीखाली पिंप असायचं. कृष्णेचं पाणी. माठ त्यानंच भरायचे. विहिरीचं पाणी भांड्यांना आणि फरशीला.

मी घरी सांगितलं. माझा नवरा नाथाजी जेवत होता. तो म्हणाला, "राहे, त्या माणसानं भंडारा उचललाय. आता त्वांड उघडायचं न्हाई."

"मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"तुझं डोळं मोठं का खंडोबा मोठा?"

"खंडोबा पितो व्हय ह्या हिरीचं?"

तो ताट सारून उठला. गावात तोंड दाखवायची लाज वाटेल म्हणाला. सुनेच्या पोटाची लाज त्याला वाटली नाही. त्या रात्री मी इतकी चिडले होते की भाकरीचं पीठ तसंच परातीत राहिलं. पण बोलून उपयोग काय? भंडाऱ्यापुढं भांडी घासणारीचं कोण ऐकतो?

मग माशाला कीड लागली. तो दगडावर अंग घासायचा, डोळे धुरकटले होते, पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडायचा. लालासाहेब त्या आठवड्यात दोनदा इस्लामपूरहून आले. कारखान्यात संप झाला तेव्हा एकदाही आले नव्हते. मुंबईच्या मासेवाल्यानं ट्रंककॉलवर इलाज सांगितला. खाऱ्या माशाला थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवायचा. मासा तेवढं सोसतो, अंगावरच्या किडीला मात्र सोसत नाही, ती गळून पडते. पाणी निर्मळ पाहिजे, पेटीतल्या पाण्याएवढंच कोमट, त्यात खायचा सोडा चिमूटभर. जास्त वेळ ठेवला तर मासाही जातो.

लालासाहेबांना कुठलीही गोष्ट एकट्यानं करता येत नसे. गुरव, माझा नवरा, वाडीतली चार शहाणी माणसं, झालंच तर बनुबाईसारख्या बघ्या बाया, सगळे व्हरांड्यात जमले. मधोमध टेबल, टेबलावर रिकामं घमेलं आणि सोड्याची पुडी. सगळं होतं, पाणी नव्हतं. माठ रिकामे, आणि पिंप भरायला गेलेली ड्रायव्हर कृष्णातची जीप आली नव्हती.

पेटीतला मासा आडवा व्हायला लागला. लालासाहेब फाटकाकडं बघत होते, येरझाऱ्या घालत होते. "हा कृष्णात मेला कुठं? नेमका आज!"

माझा नवरा भोळेपणानं बोलून गेला, "आवं साहेब, कशाची वाट बघताय? पाणीच पायजे न्हवं? हीर हाय की दारात."

मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. उठले, विहिरीवर गेले, बादली ओढली, आणून घमेल्यात ओतायला वाकले.

लालासाहेबांनी माझा हात धरला. बादली उपडी झाली, पाणी फरशीवर पसरलं. "ते पाणी नको! मासा मरेल ना, बाई!"

फरशीवरचं ते तांबूस पाणी वाहत आकाराम गुरवाच्या पायापाशी गेलं. म्हातारा मागं सरकला. मी बोलणार होते. पण हे माझ्या तोंडून यायचं नव्हतं.

गुरवच बोलला. "साहेब, ह्याच पाण्यावर तुमी भंडारा उचललाय. माझ्या ताम्हणातला."

"आकाराम, समजून घे. मासा नाजूक जात आहे. माणसाचं वेगळं असतं."

"व्हय की," बनुबाई मागून म्हणाली. "आमी काय, पायातल्या व्हानंच्या कातड्याची!"

कुणीतरी हसलं. ते हसू चांगलं नव्हतं. माझा नवरा खाली मान घालून त्या ओल्या फरशीकडं बघत होता.

तेवढ्यात जीप आली. पुलाजवळ पंक्चर झाली होती म्हणे. आता तरी हा माणूस लाजेल, पिंप झाकूनच ठेवील, असं मला वाटलं. छे! शपथ मोडली ती मोडली, मासा वाचला पाहिजे! सगळ्यांसमोर ताडपत्री निघाली, कृष्णेचं पाणी घमेल्यात पडलं. पेटीतल्या पाण्याशी मिळतं होईपर्यंत त्यातलंच चुलीवर ऊन केलेलं पाणी थोडंथोडं मिसळलं, सोडा विरघळवला. लालासाहेबांच्या बोटांना जे जपणं ठाऊक होतं ते त्यांनी माणसांसाठी वापरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

जाळीनं मासा उचलून घमेल्यात सोडला. तो कुशीवर पडला, कल्ले भराभर हलू लागले. आम्ही वाकून बघत होतो. एवढे दिवस अंगाला चिकटलेली, डोळ्यांना न दिसणारी कीड पांढरी पडली आणि तिळाच्या दाण्यांसारखी एकेक सुटून तळाला गेली. लालासाहेबांनी मासा परत खाऱ्या पाण्यात सोडला. जरा वेळ तो दगडाला टेकून राहिला, मग शेपूट हलवून सरळ झाला.

"वाचला!" लालासाहेब म्हणाले, आणि आमच्याकडं वळून हसले. आम्हीही हसावं असं वाटत होतं त्यांना.

चांगल्या पाण्यानं काय होतं ते आम्ही बघितलं होतं.

मी स्वयंपाकघरातली त्यांचीच घागर उचलली आणि जीपपाशी गेले. ड्रायव्हर कृष्णात बाजूला झाला. मी पिंपातनं घागर भरायला लागले.

"राहीबाई! ते आमचं प्यायचं पाणी आहे!"

लालासाहेबांना स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. मग आवाज चढवून म्हणाले, "उद्यापासून कामाला यायचं नाही."

"उद्या सवड कुठं हाय मला? उद्या तुमची चर बुजवायची हाय."

मी एकटीच बुजवणार होते. खरंच. पण घागर डोईवर घ्यायला वाकले तेव्हा दुसऱ्या बाजूनं हात लागला. नाथाजी होता. त्यानं घागर माझ्या डोईवर ठेवली आणि माझ्या पुढं चालू लागला. वाटेत आकाराम गुरवाला एवढंच म्हणाला, "मामा, तुमच्याकडं दोन खोरी हायती न्हवं?"

"तीन हायती," गुरव म्हणाला.

घरी मी अंजनाला तांब्या भरून दिला. तिनं तो तोंडाला लावला नाही, सवयीनं आधी हुंगला. मग पुन्हा हुंगला. मग माझ्याकडं बघितलं.

"पी," मी म्हणाले. "माशाचं हाय."